ठाण्यातले चार दिवस: एक रूळ, एक कंदील

शुक्रवार

"माळा उपसतेय. सासऱ्यांचा कंदील निघालाय. भंगारवाल्याला देऊ की तू नेतेस?" आत्याचा फोन एवढाच. माझी चार दिवस रजा पडून होती, पंचवटी एक्स्प्रेसचं तिकीट मिळालं आणि निघाले.

नाशिकच्या माणसाला ठाण्यात उतरणं शिकावं लागतं. कल्याण गेलं की सामान घेऊन दाराशी उभं राहायचं, पुढचं काम मागची माणसं करतात. फलाटावर आपण उतरत नाही, आपल्याला उतरवलं जातं. मीही तशीच उतरले आणि खांबाला टेकून श्वास घेतला.

१६ एप्रिल १८५३ ला लोक इथे जरा बऱ्या पद्धतीने उतरले असणार. दुपारी ३.३५ ला बोरीबंदरहून सुटलेली ती गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ठाण्याला तंबू ठोकून खानाही झाला. हे सगळं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्या तीन इंजिनांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेल्या त्या इंजिनांपैकी आज एकही उरलेलं नाही. बंगालकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेचं १८५५ चं फेअरी क्वीन हे इंजिन मात्र जपलं गेलं, कित्येक वर्षांनी पुन्हा पेटवून चालवलंही गेलं. पहिलेपणाचा मान आपल्याकडे आणि जपायची अक्कल तिकडे. मला हे लागतं, आणि ते मी दर वेळी बोलून दाखवते.

आत्या कोपरीत राहते, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. गॅलरीत वर्तमानपत्रावर कंदील ठेवला होता. चहा व्हायच्या आतच तळमजल्यावरचे काका वर आले. कारशेडमध्ये फिटर होते, आता निवृत्त. त्यांच्यासारख्या सातआठ जणांची एक टोळी आहे. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. शनिवार-रविवारी काकांच्या ओट्यावर जमतात आणि कोणाच्या घरात रेल्वेचं जुनं काही सापडलं तर ते साफ करून, मोजून, फोटो काढून, लिहून ठेवतात. वस्तू ज्याची त्यालाच परत. काकांच्या मागोमाग एक आर्किटेक्ट पोरगी आली आणि डिप्लोमा करणारे दोन मुलगे.

"पहिला प्रश्न," काका कंदिलाला हात न लावता म्हणाले, "हा तुमच्याकडे कसा आला? रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध कायदा आहे, १९६६ चा. आम्ही वस्तू बघायच्या आधी कागद बघतो."

आत्या आत गेली आणि एका पिशवीतून पिवळी पडलेली चिठ्ठी घेऊन आली. सासरे गार्ड होते. निवृत्तीच्या वेळी निकाली काढलेला कंदील त्यांना रीतसर दिल्याची ती पावती, शिक्क्यासकट. काकांनी ती दोनदा वाचली आणि मग खाली बसले.

काळा पत्रा, माथ्यावर धूर जायला झाकणीसारखी टोपी, मागे धरायची मूठ, पुढे फुगीर भिंग. आत बर्नर आणि त्याच्याभोवती फिरणारी चौकट. माथा पिळला की चौकट फिरते आणि भिंगासमोर कधी लाल काच येते, कधी हिरवी. दोन्ही बाजूला झाल्या की पांढरा उजेड. तीन रंगांचा हात-कंदील, गार्डाची रात्रीची झेंडी. आमचा माथा फिरत नव्हता. गंजून बसला होता.

पोरीने मोबाइलचा टॉर्च मागून लावला. लाल काच लाल दिसली. दुसरी चक्क निळी.

"कोणीतरी काच बदललीय," मी म्हणाले. "गार्डाकडे निळा सिग्नल कुठला?"

काका हसले. "रविवारी सांगतो."

अंगावर पांढऱ्या रंगात 'सी. आर.' लिहिलेलं होतं, सेंट्रल रेल्वे. मात्र पुढच्या पितळी पट्टीवर ठोकलेली अक्षरं जी. आय. पी. ची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला. ५ नोव्हेंबर १९५१ ला जी. आय. पी. आणि काही संस्थानी रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली, आणि आत्याचे सासरे एका रात्रीत एका रेल्वेच्या गाडीतून दुसरीच्या गाडीत बसले, जागेवरून न उठता. कंदील तोच राहिला, वरून रंग फिरला.

आत्याचा हट्ट असा की सगळा रंग काढून पितळ चिंचेने लखलखीत करायचं. पोरगी म्हणाली, "मावशी, आजोबांनी नोकरीची जास्त वर्षं कुठल्या नावाखाली केली?" आत्याने बोटांवर हिशेब केला. एकोणीस वर्षं 'सी. आर.' ची निघाली, अकरा आधीची.

"मग पांढरी अक्षरं आजोबांचीच ना? ती कशी खरवडायची?"

आत्या गप्प बसली. पटलं नव्हतं. शेवटी तोड निघाली ती अशी: पांढरी अक्षरं राहतील, पितळी पट्टीवरचा काळा रंग तेवढा काढायचा, आणि पितळ घासायचं पण चिंच लावायची नाही. रात्री कंदील सुटा करून बर्नर आणि माथा डिझेलमध्ये भिजत टाकला. गच्ची नाही, घर नाही, सगळीकडे वास. आत्याने झोपताना दोनदा सांगितलं की असल्या कामाला नाशिकलाच बसायला हवं होतं.

शनिवार

सकाळी मामलेदारची मिसळ. नाशिककर असून मी तिच्याविषयी वाईट बोलणार नाही, तिखट म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे. नाक पुसत पुसत परत पूर्वेला आलो आणि चेंदणी कोळीवाड्यात शिरलो.

इथे एका घराच्या ओट्याचं छप्पर रुळाच्या खांबावर उभं आहे, असं मुलांनी गेल्या महिन्यात हेरलं होतं. ठाण्या-मुंबईच्या जुन्या घरांत, चाळींत रूळ सापडणं नवीन नाही. बाद झालेला रूळ तुळई होतो, खांब होतो, गटारावरची फरशी पेलतो. पण हा खांब वेगळा होता. नेहमीच्या रुळाला वर डोकं आणि खाली रुंद पाय असतो. ह्याला दोन्हीकडे डोकं. मांडूळच.

त्या दुतोंड्या रुळामागे चोख हिशेबी डोकं होतं. पूर्वी शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून उलटी लावून द्यायचा, आणखी दोन वर्षं निघायची. रुळाचंही तसंच करायचं ठरलं होतं: वरचं डोकं चाकांनी झिजलं की रूळ उलटा करायचा आणि खालचं वापरायचं. असा रूळ आपल्या पायावर उभा राहत नाही, म्हणून तो बिडाच्या बैठकींत पाचर मारून बसवायचे. नेमकी तिथेच माशी शिंकली. गाड्यांच्या दणक्यांनी त्या बैठकी खालच्या डोक्याला खळगे पाडत. रूळ उलटा करायची वेळ यायची तेव्हा खालची बाजू आधीच खराब झालेली असायची. पुढे सपाट पायाच्या रुळांनी ह्यांना हटवलं आणि हे घरांच्या ओट्यांवर आले.

घरातल्या आजी बाहेर आल्या. "बाप सांगायचा, सायबाच्या गाडीचा खांब आहे. आम्ही दर लग्नाला रंग देतो." देतात खरं. वर निळा ऑइलपेंट, त्याखाली पोपटी, मग चंदेरी, मग परत निळा, आणि जिथे टवका उडाला होता तिथे तळाशी केशरी. तो केशरी म्हणजे शेंदूर. लोखंडाला गंजू नये म्हणून पहिला हात शिशाच्या शेंदराचा द्यायचे, मारुतीला लावतात तोच. आणि खांब दिसतही होता जुन्या देवळातल्या मारुतीसारखा, पिढ्यान्‌पिढ्या लेप चढून मूळ नाकडोळे हरवलेला. मारुतीचं कवच कधीतरी आपसूक गळून पडतं आणि आतली मूर्ती दिसते. रूळ तेवढा दयाळू नाही.

पोरीने आधी सगळ्यांना मास्क लावायला लावले. शेंदूर म्हणजे शिसं, कोरडा खरवडला की धूळ नाकात. तारेचा ब्रश ह्या टोळीत बंदी आहे, कारण त्याने रंगाबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. आजींना विचारून एक वीत जागा ठरवली, रुळाच्या कमरेवर, जिथे बोटाला उंचवटा लागत होता. तिथे रंग सैल करायचा लेप लावला, वर प्लॅस्टिक गुंडाळलं, तासभर थांबलो. मग लाकडी पट्टीने ओला रंग सोलून कागदात जमा केला. रंगाचा एकेक थर जाम लावलेल्या पोळीसारखा सुटत होता.

उघडी झाली तरी अक्षरं वाचता येईनात. उन्हात चपटी दिसायची. तेव्हा मुलाने बटर पेपर खांबाला चिकटवला आणि काळा मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासायला लागला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, अगदी तसं. कागदावर हळूहळू पांढऱ्या कडा उमटल्या. रूळ उभा, म्हणून अक्षरं आडवी पडलेली, आम्ही सगळे मान डाव्या खांद्यावर टाकून उभे. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईने विचारलं, मान आखडली का?

पहिलं अक्षर गेलेलं. मग ए. मग दोन आर. मग ओ, मग डब्ल्यू. मग मोकळी जागा, आणि स्टील.

"बॅरो," काका म्हणाले. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बॅरो-इन-फर्नेस गावच्या कारखान्याचे रूळ देशोदेशी गेले. पुढे १, ८, ८ आणि चौथा आकडा गंजाने खाल्लेला. त्याच्यापुढे जी. आय. पी. चा जी तेवढा स्पष्ट. म्हणजे बॅरोच्या भट्टीतलं लोखंड जहाजातून मुंबईला आलं, कुठल्यातरी मार्गावर गाड्यांखाली झिजलं आणि आता चेंदणीत मासळी वाळवायच्या दोरीचं एक टोक धरून उभं आहे. मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आर चा पाय गुळगुळीत होता, डब्ल्यू अजून बोचत होता.

दोन ठसे घेतले, एक टोळीसाठी, एक माझ्यासाठी. निघताना आजींनी आणखी एक उपकार केला. कंदील पेटवायला रॉकेल हवं होतं आणि ठाण्यात रॉकेल मागितलं की लोक वय विचारतात. आजींच्या मुलाची होडी रॉकेलच्या इंजिनावर चालते. अर्धी बाटली मिळाली.

तिथून खाडीकाठी गेलो. रुळांवर पाऊल टाकायचं नाही हा टोळीचा दुसरा नियम, रेल्वे कायद्याचं कलम १४७ काकांच्या तोंडावर असतं. पूल लांबूनच पाहिला. ठाण्याला आलेली रेल्वे पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ही खाडी ओलांडून कल्याणला गेली. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. मूळ मार्ग पारसिकच्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जातो. डोंगराच्या पोटातून जाणारा १.३ किलोमीटरचा बोगदा पुष्कळ नंतरचा, १९१६ चा. तो वळसा वाचवायला खणलेला बोगदा २०२२ पर्यंत फास्ट लोकलचा होता. आता तिथून मेल-एक्स्प्रेस जातात आणि फास्ट लोकल कळवा-मुंब्र्याच्या बाजूने. बोगद्यात शिरलं की डबाभर पोरं एकसुरात किंचाळायची, ती मजा मेलवाल्यांना काय कळणार? ते खिडक्या बंद करून झोपलेले असतात.

काकांचं लक्ष पुलापेक्षा वरच्या तारांवर होतं. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही. टी. ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डी. सी. वर. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट ए. सी. "दाब कमी तर प्रवाह जास्त," काका समजावत होते. "म्हणून आमच्या डी. सी. च्या तारा जाड, आणि थोड्याथोड्या अंतरावर सबस्टेशन. ए. सी. आलं आणि तारा बारीक झाल्या." मुंबईतली शेवटची डी. सी. लोकल २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरवर धावली. त्या जुन्या मोटरींचा गाडी सुटतानाचा चढता हूं काकांनी तोंडाने काढून दाखवला. मुलांनी तो मोबाइलवर रेकॉर्ड केला. टोळीच्या संग्रहात डी. सी. मोटरीचा आवाज म्हणून सध्या काकाच आहेत.

संध्याकाळी कंदील. डिझेलमधून माथा काढला, फडक्यात धरून काकांनी पिळला, आणि तो कुरकुरत फिरला. पत्र्यावरच्या गंजासाठी त्यांनी आत्याकडे हिरडा मागितला. आत्याला वाटलं पोट बिघडलं. हिरडे कुटून, उकळून, गाळून तो काढा गंजक्या जागी ब्रशने लावला. तांबूस डाग बघता बघता निळसर काळे पडत गेले. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की हे होतं. जुन्या पोथ्यांची शाई हिरडा आणि हिराकस घालून करत, ती ह्याच गुणावर. गंज तिथल्या तिथे काळ्या सायीत बदलतो, आणि खरवडायची गरज राहत नाही. आत्या पहिल्यांदाच खुर्ची ओढून जवळ बसली.

रविवार

सकाळी ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे. ठाणे-तुर्भे-वाशी हा मार्ग २००४ चा. नवी मुंबईत जुनं काय बघायचं, असं मी विचारलं तर काका म्हणाले, माणसं. तिथे एक निवृत्त बुकिंग क्लार्क राहतात, त्यांच्याकडे पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारीख उमटवायचं बिडाचं यंत्र आहे. कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून घेतलेलं, पावती लॅमिनेट करून यंत्राच्या शेजारीच टांगलेली.

तिकीट खोबणीतून सरकवायचं, खटक, आणि काठावर तारीख. ही पद्धत एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशन मास्तरची, १८३० च्या दशकातली. तोपर्यंत तिकीट हाताने लिहून द्यायचे. प्रत्येक पुठ्ठ्यावर क्रमांक छापला, तेव्हा किती विकली आणि किती पैसे हवेत हा हिशेब क्लार्कला चुकवता येईना. अर्ध्या तिकिटाला त्याच पुठ्ठ्याचा कोपरा कापायचे. क्लार्ककाकांनी यंत्राला तेल दिलं, मला एक कोरा पुठ्ठा दिला आणि खटक करू दिलं. तारखेचे आकडे १९९० च्या दशकापुढे जात नव्हते, म्हणून मी आता पाकिटात तीस वर्षं जुनं तिकीट घेऊन फिरते. त्यांच्या घरचं जेवण फार झालं, परतीच्या गाडीत आम्ही सगळे पेंगलो.

रात्री आठला आत्याच्या गॅलरीत टोळी जमली. दिवसभरात मुलांनी सुटलेली मूठ डाख लावून बसवली होती. पत्र्याला मेणाचा हात दिला होता, पितळी पट्टी घासून मऊ पिवळी झाली होती, लखलखीत नाही. पांढरं 'सी. आर.' जागच्या जागी. नवी वात घातली, आजींचं रॉकेल ओतलं आणि वात मुरायला वीस मिनिटं थांबलो.

आत्याने काडी ओढली. ज्योत आधी धुरकट आली. "वात खाली घे," ती कोणाला तरी म्हणाली आणि मग स्वतःच खाली घेतली. पिवळी, शांत ज्योत. काकांनी गॅलरीतला दिवा बंद केला.

माथा एकदा पिळला, लाल. पुन्हा पिळला आणि निळी काच ज्योतीसमोर आली.

उजेड हिरवा पडला. स्वच्छ, झेंडीसारखा हिरवा.

"रॉकेलची ज्योत पिवळी असते," काका म्हणाले. "पिवळ्यावर हिरवी काच लावली तर मळकट दिसतं. म्हणून काच निळसर ठेवायची. तुम्ही मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात बघितलीत. काच बरोबर आहे, दिवा चुकला होता."

आत्याने कंदील मुठीने उचलला आणि हात ताठ करून खांद्याच्या उंचीवर डावी-उजवीकडे संथ हलवला. हे तिला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. "लग्न होऊन आले तेव्हा मामंजी रात्रपाळीला निघताना जिन्यात तपासून बघायचे," ती म्हणाली. समोरच्या इमारतीतून कोणीतरी ओरडून विचारलं, लाइट गेली का तुमची?

सोमवार

परतीची पंचवटी संध्याकाळची. कंदील मी नेणार नव्हते, हे रात्रीच कळलं होतं. तो आत्याच्या दर्शनी खोलीत टीव्हीशेजारी आहे.

दुपारी रॉकेलची बाटली परत द्यायला चेंदणीत गेलो. ओटा चमकत होता. खांब गडद हिरवा, ताजा, अजून चिकट. आमची वीतभर उघडी जागा, ए, आर, आर, सगळं रंगाखाली. पुढच्या आठवड्यात नातीची हळद आहे, रंगारी सकाळीच येऊन गेला. "तेवढा भाग सोलून ठेवलेला वाईट दिसत होता," आजी म्हणाल्या, "म्हणून तिथे दोन हात जास्त मारायला लावले."

मुलांची तोंडं उतरली. पोरीने खांबाला लांबूनच नाक लावलं. "परत कवच चढलं," ती म्हणाली. काका म्हणाले, गंजण्यापेक्षा बरं. आजींनी आम्हा सगळ्यांना हळदीचं आमंत्रण दिलं आणि हातावर खोबऱ्याच्या वड्या ठेवल्या.

पंचवटीत जागा मिळाली. माझा ठसा चुरगळू नये म्हणून काकांनी तो पी. व्ही. सी. पाइपात गुंडाळून दोन्हीकडे झाकणं लावून दिली होती. चार फुटी पाइप वर रॅकवर आडवा ठेवला. कल्याणच्या पुढे टी. सी. आले, तिकीट बघितलं आणि पाइपकडे मान वर केली.

"प्लंबिंगचं सामान का?"

"नाही," मी म्हणाले, "रूळ आहे."

त्यांनी पाइप एका बोटाने उचलून पाहिला, परत ठेवला आणि पुढच्या बाकाकडे वळले.